बाबांचं घड्याळ चालतं, पण त्यांची चाल माझ्यापर्यंत पोचत नाही : स्मार्टवॉचच्या सिंकबद्दल मदत हवी

खाडीपलीकडची

मी नेरुळला राहते, आई-बाबा ठाण्याला पाचपाखाडीत. बाबा ६८ वर्षांचे आहेत. मागच्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय आणि ते नेमाने सकाळी कचराळी तलावाला फेऱ्या मारतात. मी त्यांना एक मध्यम किमतीचं स्मार्टवॉच घेऊन दिलं. त्याच्या ॲपमध्ये घरच्यांना आकडे बघायची सोय आहे, त्यामुळे ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये बसल्या बसल्या त्यांची पावलं आणि नाडी दिसायची. दिवस बरा सुरू व्हायचा.

गेल्या मंगळवारपासून काहीच दिसत नाही. घड्याळात आकडे आहेत, बाबा फोनवर वाचून दाखवतात. ॲप मात्र मंगळवारवर अडकलंय. मी दोनदा जाऊन ब्लूटूथ बंद-चालू केलं, फोन रीस्टार्ट केला. तेवढ्यापुरतं जोडलं गेलं, दुसऱ्या दिवशी परत तेच.

दुसरा प्रश्न त्याहून मोठा आहे. आकडे खरे असतात का? बाबा म्हणतात पाऊण तास चाललो, घड्याळ म्हणतं २,९०० पावलं. आणि सिंक बंद पडायच्या आधी दोन दिवस नाडी ११८ दाखवत होती. एरवी ती ९० च्या आसपास असते. मी घाबरून फोन केला, तर ते शांतपणे पोहे खात होते. कशावर विश्वास ठेवायचा?

मीठागर

आधी एक सांगा. बाबांच्या स्वतःच्या फोनवर आकडे दिसतात का? हे कळल्याशिवाय बाकी सगळं अंधारात तीर मारणं आहे.

खाडीपलीकडची

नाही. त्यांच्या फोनवरही मंगळवारच.

मीठागर

मग निम्मं काम झालं. आपण 'सिंक होत नाही' असं एका दमात म्हणतो, पण त्यात तीन टप्पे असतात. घड्याळातून फोनमध्ये ब्लूटूथने, फोनमधून कंपनीच्या सर्व्हरवर इंटरनेटने आणि तिथून तुमच्या फोनवर. बाबांच्या फोनवर दिसलं असतं आणि तुमच्याकडे आलं नसतं, तर इंटरनेट, लॉगिन किंवा शेअरिंग बघायचं. तुमची गाडी पहिल्याच स्टेशनात अडकलीय.

अँड्रॉइड असेल तर क्रमाने बघा. ॲपला 'जवळपासची उपकरणं' ही परवानगी आहे का? अँड्रॉइड १२ पासून ती वेगळी द्यावी लागते. लोकेशन चालू आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बॅटरी बचत. बरेच फोन मागे चालणारी ॲप परस्पर बंद करतात. सेटिंगमध्ये त्या ॲपला बॅटरीचं बंधन काढून टाका, ऑटोस्टार्टचा पर्याय असेल तर तो सुरू करा.

एक विनंती. घाईने घड्याळ रीसेट करू नका. सिंक न झालेले दिवस त्यातच असतात, रीसेट केलंत की गेले.

बॅटरी_वीस_टक्के

मीठागर यांना +१. माझ्या सासूबाई रोज रात्री फोनमधली सगळी ॲप एकेक करून वर सरकवून 'साफ' करायच्या. फोन हलका होतो म्हणे! त्यात घड्याळाचं ॲपही साफ. त्यांना समजावलं की हे एक सोडून बाकीची झाडा. तेव्हापासून आठ महिने एकदाही तुटलेलं नाही.

उपवनकर

धागाकर्ती, राग मानू नका, पण हा सगळा खटाटोप कशासाठी? सकाळी वडिलांना एक फोन करा. 'बाबा, चालून आलात का, बरं वाटतंय का?' यात जे कळेल ते कुठल्याही आकड्यात कळणार नाही. पोहे खाणाऱ्या माणसाच्या नाडीची काळजी तुम्ही नेरुळला बसून करताय. घड्याळ नसतं तर तो दिवस तुमचा चांगला गेला असता.

खाडीपलीकडची

राग नाही आला. फोन करतेच रोज. पण बाबा 'मी बरा आहे' याशिवाय काही सांगत नाहीत. अँजिओप्लास्टीच्या आधी तीन आठवडे छातीत भरून येत होतं, तेही त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही.

नेरुळचा_निवृत्त

मी बाबांच्या बाजूने लिहितो. वय ७१. माझाही मुलगा माझे आकडे पुण्याहून बघतो. पहिल्या महिन्यात मला ते अजिबात आवडलं नव्हतं. एक दिवस गुडघा दुखत होता म्हणून गेलो नाही, तर साडेआठला फोन, 'आज शून्य का?' मी चिडलो. शाळेत गैरहजेरीचा जाब विचारावा तसं वाटलं.

मग आम्ही बसून ठरवलं. त्याने आकडे बघावेत, पण आकड्यावरून फोन करायचा नाही. सलग तीन दिवस काही दिसलं नाही तरच विचारायचं. आता मलाही आधार वाटतो. ज्वेल ऑफ नवी मुंबई या इथल्या बागेच्या बाजूला एकटा चालत असतो, कुणाला तरी माहीत आहे की मी चालतोय, हे बरं असतं. तुमच्या बाबांना विचारलंत का, त्यांना हे चालेल का म्हणून?

खाडीपलीकडची

नाही विचारलं. घड्याळ बांधलं आणि ॲपमध्ये स्वतःला जोडून घेतलं. आज विचारते.

नाडीपरीक्षा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, हृदयाच्या रुग्णांबरोबर काम करते. नाडीच्या ११८ बद्दल लिहिते.

मनगटावरचं घड्याळ नाडी 'बघतं'. हिरवा प्रकाश कातडीवर टाकतं आणि प्रत्येक ठोक्याला रक्त कमी-जास्त होतं तसा परत येणारा प्रकाश मोजतं. चालताना हात हलतो, घड्याळ सैल असेल तर तेही हलतं, आणि त्या हलण्याचीसुद्धा एक लय असते. मग घड्याळ फसतं आणि ठोक्यांऐवजी पावलांची लय धरून बसतं. बऱ्यापैकी भरभर चालणाऱ्या माणसाची पावलं मिनिटाला ११० ते १२० च्या घरात पडतात. तुमचा ११८ हा आकडा मला नाडीचा कमी आणि पावलांचा जास्त वाटतो. ॲपमध्ये त्याच वेळची पावलांची गती बघा. दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या तर उत्तर मिळालं.

बाबा घड्याळ कसं बांधतात? मनगटाच्या हाडावर, सैल?

खाडीपलीकडची

अगदी तसंच! आयुष्यभर किल्लीचं एचएमटी वापरलंय, स्टीलच्या सैल पट्ट्याचं. हेही तसंच लोंबतं.

नाडीपरीक्षा

हाडाच्या दोन बोटं वर, कोपराच्या बाजूला सरकवायला सांगा. चालताना एक भोक घट्ट, घरी आल्यावर सैल.

अजून एक. अँजिओप्लास्टीनंतर बऱ्याच जणांना नाडी हळू ठेवणारी बीटा ब्लॉकर गटातली गोळी असते. ती चालू असेल तर जास्तीत जास्त नाडी काढायचं '२२० वजा वय' हे सूत्र त्यांना लागू पडत नाही. घड्याळ त्याच सूत्रावरून 'फॅट बर्न', 'कार्डिओ' असे रंगीत पट्टे आखतं. गोळी घेणाऱ्या माणसाला ते पट्टे गाठायला लावू नका. चालताना दोन वाक्यं सलग बोलता आली पाहिजेत, गाणं म्हणता येऊ नये, एवढी खूण पुरते. त्यांच्यासाठी नाडीची मर्यादा किती, हे त्यांचे डॉक्टरच सांगतील.

शंका आली तर थांबून मनगटावर दोन बोटं ठेवून ३० सेकंद ठोके मोजा, दुप्पट करा. आणि छातीत दडपण, घाम, हाताकडे जाणारी कळ असेल तर घड्याळात काय दिसतंय ते बघत बसू नका. सरळ दवाखाना.

धावती_भेट

नाडीपरीक्षा यांनी लिहिलेलं मी घोडबंदर रोडला धावताना भोगलंय. पहिल्या दहा मिनिटांत नाडी १७५, मग अचानक १४०. छातीचा पट्टा घेतल्यावर सुटलं. तो प्रकाशाने न मोजता हृदयाचे विजेचे संकेत पकडतो, त्यामुळे हात हलला तरी फरक पडत नाही. पोलार नावाची फिनलंडची कंपनी १९८२ पासून बिनतारी पट्टे बनवतेय. म्हणजे जुनी गोष्टच जास्त भरवशाची निघाली.

माझी अडचण अंतराची आहे. मानपाड्याच्या टॉवरांमध्ये माझा नकाशा असा दिसतो की मी चार इमारतींच्या दिवाणखान्यांतून धावलोय.

मीठागर

उपग्रहाचा संकेत काचेच्या आणि काँक्रीटच्या भिंतींवर आपटून उशिरा पोचतो, घड्याळाला वाटतं तुम्ही लांब आहात. दोन वारंवारता वापरणारी घड्याळं, म्हणजे एल१ आणि एल५, अशा ठिकाणी बरीच सावरतात. स्वस्त घड्याळांत मुळात जीपीएस नसतंच, ती फोनचं उसनं घेतात. खोक्यावर 'कनेक्टेड जीपीएस' लिहिलेलं असेल तर फोन घरी ठेवून अंतर नीट मिळणार नाही.

याचा सिंकशीही संबंध आहे. पुढच्या काही दिवसांत कुठला उपग्रह कुठे असेल याची छोटी फाइल घड्याळ ॲपमधून उतरवून घेतं. बरेच दिवस सिंक नसलं की ती शिळी होते आणि 'उपग्रह शोधत आहे' असं म्हणत घड्याळ तुम्हाला फाटकात उभं करून ठेवतं.

येऊरची_वाट

येऊरला झाडीत माझंही असंच होतं. मी आता अंतर बघणंच सोडलंय. वेळ बघते.

पोळीभाजी

पावलांबद्दल माझा अनुभव. वीस पोळ्या लाटल्या की ३०० पावलं! गणपतीत आरतीला टाळ्या वाजवल्या तेव्हा तर एका जागी उभी राहून अख्खा तलावपाळीचा फेरा झाला. आणि डी-मार्टमध्ये ट्रॉली ढकलत तासभर चालले तर जवळजवळ काहीच नाही.

रबाळे_लोकल

रिक्षाचं विसरलात. आमच्या एमआयडीसीच्या रस्त्यावर पावसाळ्यात रिक्षाने जा, स्टेशन ते कंपनी ५०० पावलं फुकट.

पोळीभाजी

हा हा, खड्ड्यांचा हा एकच फायदा.

जुनं_ठाणं

अवांतर : मी एकदा घड्याळातली 'वॉक'ची नोंद बंद करायला विसरलो आणि ठाण्याहून कल्याणची गाडी पकडली. घड्याळाच्या मते मी ताशी ७० किमीने चाललो आणि पारसिकच्या बोगद्यात सव्वा किलोमीटरभर गायब झालो. १९१६ मध्ये सुरू झालेला बोगदा आहे तो, अजून आधुनिक यंत्रांना चकवतो!

मीठागर

पोळीभाजी यांनी फार कामाची गोष्ट सांगितली. मनगटावरचं यंत्र पावलं मोजत नाही, हाताचे हेलकावे मोजतं आणि त्यावरून पावलांचा अंदाज बांधतं. हात ट्रॉलीवर स्थिर असेल तर पावलं बुडतात. धागाकर्ती, पाऊण तासात २,९०० फारच कमी आहेत. बाबा चालताना हात कसे ठेवतात?

खाडीपलीकडची

अरे देवा. मागे. पाठीमागे हात बांधून चालतात, कायमच. आजोबाही तसेच चालायचे.

मीठागर

मग शनिवारी एक प्रयोग करा. सपाट जागेवर १०० पावलं मनात मोजून चालायला लावा, एकदा हात मोकळे सोडून, एकदा मागे बांधून. दोन्ही वेळा आधी आणि नंतर घड्याळातला आकडा लिहा.

आकडेमोड

मापन चांगलं की वाईट हे ठरवताना एक भेद पाळावा असं मला वाटतं. 'खरं' असणं वेगळं आणि 'सातत्याने तेवढंच चुकणं' वेगळं. काटा रोज अर्धा किलो जास्त दाखवत असेल तरी वजन वाढतंय की घटतंय ते कळतं. घड्याळाचं तसंच. दोन घड्याळांची तुलना करण्यात अर्थ नाही, एकाच घड्याळाची मागच्या महिन्याशी करावी.

पण हे कॅलरीला लागू नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ६० लोकांवर सात घड्याळं तपासली. नाडीत सहा घड्याळांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगलं घड्याळही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. तेव्हा घड्याळ म्हणालं ४०० कॅलरी जाळल्या, म्हणून वडापाव खाऊ नये.

रबाळे_लोकल

वडापावला का मध्ये आणता?

आकडेमोड

दहा हजार पावलांच्या आकड्याचंही ऐका. तो वैद्यकातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानच्या यामासा कंपनीने 'मानपो-केई' नावाचं पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं. नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचा मापक'. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत १६,७४१ वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, सरासरी वय ७२. रोज साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे कमी दिसलं आणि ७,५०० च्या आसपास पुढचा फायदा थांबला. धागाकर्तीच्या बाबांना दहा हजारांचं ओझं नको.

स्टेशनरोड

मी स्टेशनबाहेर १,२०० रुपयांना एक घड्याळ घेतलं. त्यात बीपी आणि शुगरसुद्धा दिसते. आईला मधुमेह आहे, तिला देऊ का?

नाडीपरीक्षा

कृपया देऊ नका. सुई न टोचता रक्तातली साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मान्यता दिलेली नाही, असा स्पष्ट इशारा त्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. त्या आकड्यावरून इन्सुलिन कमी-जास्त केलं तर जिवावर बेतेल. बीपीचंही ऐका. दंडाच्या पट्ट्याच्या यंत्राशी जुळवून न घेतलेल्या घड्याळाचा आकडा बघून गोळी बदलायची नाही. खात्री करायची असेल तर ते घड्याळ बटाट्याला बांधून बघा. बऱ्याचदा बटाट्याचीही नाडी लागते.

स्टेशनरोड

बांधलं. ७६. बटाटा ठणठणीत आहे. आईला देत नाही.

घणसोलीकर_ताई

दमट हवेचं कुणी लिहिलं नाही. जूनपासून घामाने पट्ट्याखाली पुरळ येतं आणि चार्जिंगच्या पिनांवर हिरवट थर चढतो. माझं घड्याळ 'चार्ज होत नाही, बिघडलं' म्हणून मी टाकायला निघाले होते. मऊ ब्रश आणि जरासं स्पिरिट लावून पिना पुसल्या, सुरू झालं. चार्ज कमी असला की काही घड्याळं बॅटरी वाचवायला सिंकही लांबवतात, तेही तपासा.

जुनं_ठाणं

खाडीपलीकडची, तुमचा मूळ प्रश्न अजून सुटलेला नाही. परवानग्या ठीक निघाल्या का? आणि एक विचारतो, हे ॲप आधी दुसऱ्या कुठल्या फोनवर होतं का?

खाडीपलीकडची

परवानग्या सगळ्या दिल्या, बॅटरीचं बंधन काढलं. काल चाललं, आज परत बंद. आधी जुन्या फोनवर होतं, दिवाळीत भावाने नवा दिला. पण जुना तर बंद करून कपाटात ठेवलाय.

जुनं_ठाणं

कपाटातच आहे ना, आईंना एकदा विचारा. घड्याळ बहुधा एका वेळी एकाच फोनशी बोलतं. जुना फोन चालू असेल, त्यात ब्लूटूथ आणि ते ॲप असेल, तर घड्याळ ओळखीच्या माणसाकडे आधी जातं. मग नव्या फोनला ते सापडतच नाही.

खाडीपलीकडची (रविवारी रात्री)

काल दिवसभर ठाण्यात होते. सगळं सविस्तर सांगते, कारण तुम्ही सगळे इतक्या आपुलकीने मागे लागलात.

जुना फोन कपाटात नव्हता. स्वयंपाकघरात, मिक्सरच्या मागे, चार्जरला लावलेला. आईने गेल्या सोमवारी रात्री तो काढला, कारण त्यात तिची जुनी कीर्तनं साठवलेली आहेत आणि नव्या फोनवर ती नाहीत. मंगळवारपासून सकाळी कीर्तन सुरू. बाबा फिरून आले की चहाला स्वयंपाकघरात बसतात आणि घड्याळ जुन्या फोनला चिकटतं. जुन्या फोनला सिमकार्ड नाही, वायफाय बंद, त्यामुळे पुढे काहीच जात नाही.

मी तो फोन माझ्या हॉटस्पॉटला जोडला, ॲप उघडलं, आणि सगळे हरवलेले दिवस एकामागून एक वर आले. मीठागर, रीसेट करू नका म्हणालात म्हणून वाचले. मग जुन्या फोनमधून घड्याळ काढून टाकलं, ॲपही काढलं. ब्लूटूथ बंद केलं. कीर्तनं तशीच ठेवली.

शंभर पावलांचा प्रयोग सोसायटीच्या आवारात केला. हात मोकळे, ९७. हात मागे, ५८. शेजारच्या काकूंनी विचारलं, हे काय चाललंय. बाबा म्हणाले, 'परीक्षा.'

११८ चं कोडंही सुटलं. त्या दोन दिवशी नाडीची रेषा आणि पावलांच्या गतीची रेषा जवळजवळ एकच आहे. बीटा ब्लॉकर चालू आहे, आईने डबा काढून दाखवला. आज बाबा घड्याळ वर सरकवून, घट्ट बांधून गेले. ८८ ते ९४. थांबवून बोटांनी मोजली, ९०.

नाडीपरीक्षा

वाचून फार बरं वाटलं. त्यांना हात सोडून चालायला लावणार का?

खाडीपलीकडची

नाही. विचारलं होतं, तर म्हणाले, मग हातांचं काय करू? त्यामुळे पावलं बघणं सोडलं. घड्याळात 'चालणे' सुरू करायचं, घरी आल्यावर बंद करायचं, म्हणजे मिनिटं मिळतात. आठवड्याला १५० मिनिटं, एवढंच ध्येय. या आठवड्याची २१० आहेत.

नेरुळचा निवृत्त काका, तुमचंही ऐकलं. बाबांना विचारलं, मी बघितलेलं चालेल का. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'बघ. पण तुझेही मला दिसू देत.' आता माझं शून्य त्यांना दिसतं. आज सकाळी सव्वासातला त्यांचा फोन आला होता.

नेरुळचा_निवृत्त

उद्या सहाला पाम बीचच्या बाजूला या. मी असतोच.

उपवनकर

माझं पहिलं मत थोडं बदललं, हे नोंदवतो. फोन करा हे मात्र अजून म्हणतो.

नवीन_सभासद_ऐरोली

नमस्कार, उशिरा लिहितोय. माझ्या बायकोचं घड्याळ परवापासून सिंक होत नाही. सगळं करून बघितलं, रीस्टार्ट, परवानग्या. काय करू?

जुनं_ठाणं

जुना फोन कुठे आहे?

नवीन_सभासद_ऐरोली

मुलाकडे, गेम खेळायला दिलाय. का?